मशिदीच्या खोलीतले मजूर आणि ‘बांगलादेशी’ असल्याचा संशय

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी मशिदीमागच्या खोलीत बंगालचे चार फरशीवाले राहतात. एकाला परवा सकाळी ‘बांगलादेशी’ म्हणून पोलिसांनी नेलं, तो अजून ठाण्यातच आहे. बाकी तिघांना दुसऱ्या गावी हलवावं, असं काही जण म्हणतात. कमिटीनं काय करावं?
– मशीद कमिटीचे सचिव

उत्तर : सचिवसाहेब, तिघांना अजिबात हलवू नका. पळाले की संशय पक्का होतो, आणि लपवणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो.

परवा सकाळी नेलं म्हणजे 24 तास कधीच उलटले. तेवढ्या वेळात मॅजिस्ट्रेटपुढं उभं करणं घटनेच्या कलम 22 प्रमाणे बंधनकारक आहे. ‘अटक नाही, चौकशीला बसवलंय’ असं सांगतील. तेवढ्यावर परत फिरू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, प्रत एसपींना ईमेल करा. तरीही सोडलं नाही, कोर्टातही नेलं नाही, तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे ‘माणसाला कोर्टापुढं हजर करा’ अशी याचिका, दाखल करता येते. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आता कागदांचं. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्यानं त्याच्यावरच टाकलाय. पण हाती काहीच आधार नसताना नुसत्या संशयावर कुणाला परदेशी ठरवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये आसामच्या प्रकरणात म्हटलंय. बोलतो बंगाली, हा काही आधार नव्हे! मात्र एकट्या आधार कार्डावर विसंबू नका; त्यानं नागरिकत्व सिद्ध होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालय ऑगस्ट 2025 मध्ये म्हणालंय. जन्म 1 जुलै 1987 पूर्वी भारतात झाला असेल तर जन्माचा पुरावा पुरतो. नंतरचा असेल तर आईवडिलांचेही कागद लागतात.

इथं तुमची जमात, म्हणजे मशिदीतली मंडळी, खरी कामाची. त्याच्या घरी फोन लावा. शाळेचा दाखला, बापाचं नाव असलेली जुनी मतदार यादी, जमिनीचा कागद, सगळ्याचे फोटो आजच मागवा. माझ्याकडं आलेल्या एका मजुराच्या आधारवर ‘शेख’ होतं, बापाच्या यादीत ‘सेख’. तेवढ्या एका अक्षरावर तो अडकला होता. असा फरक दिसला तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

तो खरोखर परदेशी निघाला तर हद्दपारी कमिटीला थांबवता येणार नाही. पण घटनेचं कलम 21, म्हणजे जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, त्यालाही लागू आहे. वकील, जेवण, औषध पोचवणं हा गुन्हा नाही, ते बिनधास्त करा.

बाकी तिघांची भाडेकरू म्हणून ठाण्यात नोंद केली नसेल तर उद्याच करा. सोबत कमिटीचे दोघं जा.