मान का तडकते?

प्रश्न : मी शाडूमातीचा ब्रॅकिओसॉरस (लांब मानेचा डायनोसॉर) करतोय. आत तार घातली, तरी वाळताना मान तीनदा तडकली. काय चुकतंय? (नववीतला वाचक, चंद्रपूर)

उत्तर : तारेमुळेच तडकतेय, बाळा. शाडूमाती वाळताना आकसते, तार आकसत नाही; मग माती फाटणारच. माझ्याही पहिल्या दोन माना अशाच गेल्या. तार ठेवायचीच तर न वाळणारी तेलमाती घे. शाडूच हवी असेल तर तार काढ, मानेखाली त्याच मातीचा टेकू दे (दोन्ही बरोबरच आकसतात) आणि ओलसर फडक्याखाली सावकाश वाळव.

आणि पुढचा प्राणी तुझ्याच जिल्ह्यातला कर ना! डोंगरगावला सापडलेला आयसिसॉरस. १९९७ साली त्याचं वर्णन झालं, २००३मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून हे नाव मिळालं. त्याच्या दंडाचं हाड १४८ सेंटिमीटर, म्हणजे एकास चाळीस प्रमाणात ३.७. आधी पट्टीने मोजून पुढचे पाय कर; ते चांगले लांब आहेत. कवटी मिळालेली नाही, तेव्हा डोकं इतर टायटॅनोसॉरांवरून (त्याच्याच गटातल्या डायनोसॉरांवरून) बेतावं लागेल. मी ते नेहमी शेवटी करते.