हुपरीच्या कारागिराची मुलगी आणि आरोपीचे वकीलपत्र

स. न. वि. वि.

आपण हुपरीत चांदीचे दागिने घडवता, मुलगी बारावीत आहे आणि तिला फौजदारी वकिली करायची आहे, तीही आरोपीच्या बाजूने. ‘ज्यांच्या भीतीने आम्ही रात्री दोन कुलपे लावतो, त्या दरोडेखोरांचेच वकीलपत्र ही घेणार का?’ असे आपण विचारता. प्रश्न रास्त आहे, म्हणून प्रवेशाच्या माहितीआधी त्याचेच उत्तर देतो.

सशस्त्र घरफोडीच्या खटल्यात चोरी झालीच नाही, असा बचाव क्वचितच असतो. वाद असतो तो कोणी, किती जणांनी आणि काय हाती घेऊन केली याचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० नुसार पाच किंवा अधिक जण असतील तरच तो दरोडा, त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. चौघे असतील तर जबरी चोरी. प्राणघातक शस्त्र वापरल्यास कलम ३११ नुसार किमान ७ वर्षे शिक्षा होते. याच आशयाच्या, जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३९७ बाबत सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये फूल कुमार खटल्यात सांगितले, की ही वाढीव शिक्षा ज्याने स्वतः शस्त्र वापरले त्यालाच लागते, मात्र फिर्यादीला दिसेल असे ते हाती धरणे हाही वापरच होय. त्यामुळे तोंडाला फडके बांधलेला माणूस ओळख परेडीत कसा ओळखला, त्याआधी त्याचा फोटो दाखवला होता का, कोयता कोणत्या पंचांसमोर जप्त झाला, अशा प्रश्नांवर उलटतपासणी चालते आणि कित्येकदा एका आरोपीची वर्षे त्यावर ठरतात.

आता आपल्या धंद्याकडे येतो. लुटीची चांदी वितळवून विकली गेली, तर ती घेणारा सराफही कलम ३१७ खाली आरोपी होऊ शकतो, आणि माल चोरीचा आहे हे त्याला ठाऊक होते का किंवा तसे मानायला कारण होते का, यावर त्याची सुटका अवलंबून असते. उद्या आपल्याच ओळखीतल्या एखाद्या प्रामाणिक सराफावर अशी पाळी आली, तर तो वकीलच शोधील. एकाच साच्यातून शेकडो सारखी पैंजणे निघतात, मग फिर्यादीने ‘हीच माझी’ असे कशावरून म्हटले, हा प्रश्न आपल्या मुलीला कोणी शिकवावा लागणार नाही. माझ्या मते ही तिची मोठी जमेची बाजू आहे.

लोकलाजेचे म्हणाल, तर अमुक आरोपीचे वकीलपत्र घ्यायचे नाही असे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच निरर्थक ठरवले आहेत. पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे.

बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी राज्याची विधी सीईटी द्यावी लागते, आणि कोल्हापुरात शहाजी विधी महाविद्यालय आहेच. पदवीनंतर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आणि अखिल भारतीय बार परीक्षा. सुरुवातीची काही वर्षे ज्येष्ठ वकिलाकडे जुजबी मानधनावर काढावी लागतील, त्याची तजवीज आतापासून करावी. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात असल्याने अपिलांच्या कामासाठी मुंबई गाठण्याची गरज राहिलेली नाही.

निर्णयापूर्वी तिला कसबा बावड्यातील न्यायसंकुलात घेऊन जा आणि सत्र न्यायालयातील एक उलटतपासणी पूर्ण ऐकू द्या. शक्य असल्यास आपणही शेजारी बसा.