आजोळच्या माळ्यावर सापडलेलं, ताटासारखा पसरट काठ असलेलं लोखंडी हेल्मेट महायुद्धातलं आहे का, आणि ते घासून चकचकीत करावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. कृपा करून घासू नका.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. माझं पहिलं हेल्मेट एका कबाड्याकडे मिळालं आणि घरी आणल्याबरोबर मी त्याला पॉलिश पेपर लावला. ज्याला मी मळ समजत होतो तो खाकी रंगात मिसळलेला बारीक भुसा होता. उन्हात चकाकून शत्रूला दिसू नये म्हणून मुद्दाम दिलेला खरखरीतपणा. इतकी वर्षं टिकलेलं ते काम मी एका दुपारीत घालवलं. आजही वाईट वाटतं.

तुम्ही ताटासारखा पसरट काठ म्हणताय, म्हणजे ते ब्रॉडी, ब्रिटिश सैन्याचं पोलादी हेल्मेट, असावं. जॉन ब्रॉडी यांनी १९१५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. खंदकातल्या शिपायावर तोफगोळ्यांच्या ठिकऱ्या वरून पडत, म्हणून काठ रुंद. अगदी पहिली काही सोडली तर पहिल्या महायुद्धातली ही हेल्मेटं हॅडफील्ड पोलादाची, त्यात साधारण १२ टक्के मँगनीज. या पोलादाला चुंबक चिकटत नाही. १९१६ पासून काठावर साध्या पोलादाची पट्टी आली, तिला मात्र चिकटतं. घरातलं चुंबक घ्या, आधी माथ्याला लावा, मग काठाला. माथ्यालाच घट्ट बसलं तर ते बहुधा नागरी संरक्षणाचं किंवा नक्कल.

पण एवढ्यावर निकाल देऊ नका. उलटं करून आत बघा. कपाळ टेकतं तिथलं अस्तर घामाने काळवंडलेलं असतं, बाकीचं फिकट. असा डाग नक्कल करणाऱ्याला सहसा जमत नाही.

आमच्याकडे जास्त फसवणूक होते ती जुन्या पोलादी टोपांत, नाकपट्टी आणि झिलम (मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी) असलेल्या. खऱ्या कोफ्तगिरीत, म्हणजे पोलादावरच्या सोन्याच्या नक्षीत, पोलादावर आडव्या-उभ्या बारीक रेघा कोरून सोन्याची तार ठोकलेली असते. सोनं झिजलंय तिथे भिंग धरा, रेघा दिसतील. नुसता मुलामा असेल तर खाली पोलाद गुळगुळीत.

कातड्याला तेल लावू नका, पट्ट्याने टांगू नका. मऊ ब्रशने धूळ काढा, सुती कापडात ठेवा. विकायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा बघून घ्या. शंभर वर्षांपुढची ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिच्या व्यापाराला परवाना लागतो.

आतल्या बाजूचा फोटो टाका, अस्तर आणि रिव्हेट स्पष्ट दिसतील असा.