कॅलिफोर्नियातल्या इन्यो काउंटीत एवढी जमीन असूनही माणसं इतकी कमी का?

याचं नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे 'वाळवंट आहे म्हणून'. ते अर्धंच खरं आहे. इन्योच्या पूर्वेला डेथ व्हॅली आहे, तिथे कुणी मोठ्या संख्येने राहील अशी अपेक्षाच नाही. पण पश्चिमेला ओवेन्स नदीचं खोरं आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे कुरणं होती, फळबागा होत्या, पाटाच्या पाण्यावर भिजणारी शेतं होती. ते पाणी गेलं आणि त्यामागोमाग माणसं गेली. मी लॉस एंजेलिसमध्ये राहतो आणि आमच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा एक हिस्सा आजही त्याच खोऱ्यातून येतो. त्यामुळे हा इतिहास मला दूरचा वाटत नाही.

आधी आवाका सांगतो. काउंटी साधारण आपल्या जिल्ह्यासारखी, पण तिचा कारभार निवडून आलेलं मंडळ बघतं. इन्योचं क्षेत्रफळ सुमारे २६,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, त्याच्या दीडपट. २०११ च्या जनगणनेत अहिल्यानगरात ४५ लाख लोक होते. इन्योत २०२० साली १९,०१६ होते. अख्ख्या काउंटीत नगरपालिका असलेलं शहर एकच, बिशप, आणि तिथली वस्ती चार हजारांच्याही आत. मुख्यालय इंडिपेन्डन्स तर एक लहानसं गाव आहे.

भूगोल मात्र थक्क करणारा आहे. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर माउंट व्हिटनी (४,४२१ मीटर) इन्योच्या पश्चिम सीमेवर, आणि उत्तर अमेरिकेतली सर्वांत खोल जमीन बॅडवॉटर (समुद्रसपाटीखाली ८६ मीटर) याच काउंटीत. दोन्हींत सरळ रेषेत जेमतेम १३६ किलोमीटर अंतर. जगातल्या सर्वाधिक तापमानाची अधिकृत नोंद, ५६.७ अंश सेल्सियस, ही १० जुलै १९१३ ची, डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकची. उत्तरेच्या व्हाइट माउंटन्समध्ये ब्रिसलकोन पाइनची झाडं आहेत, त्यातलं एक ४,८०० वर्षांहून जुनं आहे. ओवेन्स खोरं सिएरा नेवाडा रांगेच्या पर्जन्यछायेत येतं, त्यामुळे पाऊस फारच थोडा. पण सिएरावरचं बर्फ वितळलं की डझनावारी ओढे पूर्वेकडे खोऱ्यात उतरतात. इथलं जगणं कायम या वितळत्या बर्फावर चाललेलं आहे.

हे ओळखणारे पहिले लोक म्हणजे इथले मूळनिवासी पायूट. गोरे येण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांनी ओढ्यांचं पाणी पाट काढून वळवलं होतं आणि खाण्याचे कंद त्यावर वाढवले होते. १८६० नंतर गुरं घेऊन पशुपालक आले, गुरांनी ती भिजती कुरणं तुडवली, आणि लढाई पेटली. १८६३ मध्ये सैन्याने हजाराच्या आसपास पायूटांना पायी फोर्ट तेहोन या लष्करी ठाण्याकडे हाकलत नेलं. अनेक जण पुढे निसटून परत आले आणि जी जमीन आपली होती तिच्यावरच मजुरी करू लागले. १८६६ मध्ये काउंटी स्थापन झाली. सेरो गोर्डोच्या चांदीच्या खाणींनी काही वर्षं भरभराट आणली. २६ मार्च १८७२ च्या पहाटे लोन पाइनला प्रचंड भूकंप झाला. मातीच्या विटांची घरं कोसळली, २७ माणसं गेली. तरीही लोक टिकून राहिले, कारण पाणी होतं.

आता मूळ मुद्दा. १९०४-०५ मध्ये लॉस एंजेलिसचे माजी महापौर फ्रेड ईटन खोऱ्यात जमिनी आणि त्यासोबतचे पाण्याचे हक्क विकत घेऊ लागले. त्याच काळात केंद्र सरकारचं सिंचन खातं शेतकऱ्यांसाठी तिथे प्रकल्प आखत होतं, त्यामुळे ही खरेदी त्याच प्रकल्पासाठी चालली आहे असं अनेकांना वाटलं. त्या खात्याचा कॅलिफोर्नियातला प्रमुख अभियंता जे. बी. लिपिंकॉट दुसरीकडे लॉस एंजेलिसकडूनही पैसे घेत होता. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त चीड येते ती या गोष्टीची. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शहराच्या बाजूने कौल दिला, शेतकऱ्यांचा प्रकल्प रद्द झाला, आणि नवे दावे लागू नयेत म्हणून झाडं नसलेली खोऱ्यातली जमीनसुद्धा राखीव जंगलात घातली गेली.

शहराच्या पाणीखात्याचे प्रमुख अभियंता विल्यम मलहॉलंड यांनी बांधलेली ३७५ किलोमीटरची जलवाहिनी ५ नोव्हेंबर १९१३ ला सुरू झाली. तिच्यावर एकही पंप नाही, सगळं पाणी उतारानेच जातं. अभियांत्रिकी म्हणून ते काम मोठंच होतं, हे मान्य करावं लागतं. उद्घाटनाला मलहॉलंड लोकांना एवढंच म्हणाले, "ते बघा पाणी. घ्या."

१९२० च्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा शहराने वरच्या अंगाच्या जमिनीही घ्यायला सुरुवात केली. चिडलेल्या गावकऱ्यांनी जलवाहिनी सुरुंगाने उडवली, पुन्हा पुन्हा उडवली. नोव्हेंबर १९२४ मध्ये त्यांनी अलाबामा हिल्सजवळचे दरवाजे ताब्यात घेतले आणि चार दिवस पाणी परत नदीकडे सोडलं. बायकामुलं जेवणाचे डबे घेऊन तिथे जमली होती. या चळवळीचे नेते वॉटरसन बंधू खोऱ्यातल्या बँकेचे मालक होते. ऑगस्ट १९२७ मध्ये ती बँक बुडाली, ठेवींसकट. दोघे अपहाराबद्दल तुरुंगात गेले आणि लढा मोडला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला खोऱ्यातली सुमारे ९५ टक्के शेतजमीन शहराच्या मालकीची झाली होती.

लोकसंख्येचे आकडे यानंतर बघा. १९२० ते १९३० या दहा वर्षांत लॉस एंजेलिस ५.७७ लाखांवरून १२.३८ लाखांवर गेलं. इन्यो ७,००० वरून ६,५०० वर आली.

खोऱ्यातली मॅन्झनार ही जागा तर दोनदा रिकामी झाली. तिथे सफरचंद, नाशपती पिकवणारं गाव होतं. शहराने जमिनी घेतल्यावर १९२९ पर्यंत ते ओस पडलं. जपानशी युद्ध सुरू असताना, १९४२ मध्ये, लष्कराने तीच जागा शहराकडून भाड्याने घेऊन तारांच्या कुंपणामागे जपानी वंशाच्या लोकांना डांबलं. त्यातले बहुतेक जन्माने अमेरिकी नागरिक होते. छावणीत एका वेळी दहा हजारांहून जास्त माणसं होती, आणि १९४० च्या जनगणनेत संपूर्ण काउंटीत होती ७,६२५! त्या कैद्यांनी जुन्या बागेतली उरलेली झाडं पाणी घालून पुन्हा फळती केली. नोव्हेंबर १९४५ मध्ये छावणी बंद झाली आणि जागा पुन्हा रिकामी.

वस्ती न वाढण्याचं आजचं कारण हिशोबातच दिसतं. काउंटीची सुमारे ९२ टक्के जमीन केंद्र सरकारकडे, जवळपास ४ टक्के लॉस एंजेलिसकडे, आणि खाजगी जमीन २ टक्क्यांहून कमी. घर बांधायला जागाच नाही. १९८० साली लोकसंख्या १७,८९५ होती, चाळीस वर्षांत हजारभरच वाढली. पोट चालतं ते मुख्यतः पर्यटनावर आणि सरकारी नोकऱ्यांवर. दर दहांमागे साधारण एक जण मूळ अमेरिकी आहे. केंद्र सरकार आणि लॉस एंजेलिस यांच्यातल्या १९३९ च्या जमिनींच्या अदलाबदलीत पायूटांना बिशप, बिग पाइन आणि लोन पाइनला थोडी जमीन मिळाली, पण पाण्याच्या हक्काचा प्रश्न बाजूला ठेवला गेला. तो आजही लोंबकळतो आहे.

काही गोष्टी भांडून परत मिळाल्या. सुमारे २८० चौरस किलोमीटरचं ओवेन्स सरोवर नदीचं पाणी वळवल्यामुळे १९२० च्या दशकातच आटलं होतं आणि त्याची खारट धूळ लोकांच्या फुप्फुसात जात होती. ती रोखण्यासाठी शहराला २००१ पासून तळावर पुन्हा पाणी सोडावं लागलं. या कामावर दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला आहे आणि पक्षी परत आले आहेत. काउंटीने भूजल उपशावरून १९७२ मध्ये शहराविरुद्ध दावा लावला, १९९१ मध्ये करार झाला, आणि डिसेंबर २००६ मध्ये ओवेन्स नदीच्या खालच्या शंभर किलोमीटर पात्रात पुन्हा पाणी सुटलं.

प्रत्यक्ष जायचं असेल तर महामार्ग ३९५ धरा. मॅन्झनारला किमान अर्धा दिवस द्या आणि इंडिपेन्डन्सचं ईस्टर्न कॅलिफोर्निया म्युझियम चुकवू नका, तिथे पायूटांच्या विणलेल्या टोपल्या आहेत. डेथ व्हॅलीसाठी नोव्हेंबर ते मार्च बरा. व्हिटनीच्या वाटेला परवाना लागतो आणि तो सोडतीने मिळतो, म्हणून अर्ज हिवाळ्यातच करून ठेवा.