पावसाळ्यात लाकडी ड्रॉवर घट्ट बसतोय, रंधा मारू का?

आत्ता नको! कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की सागवानही फुगतं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. सहा इंच रुंदीची फळी मिलिमीटरभर सहज फुगते. तेवढं आज तासलंत, तर मार्चमध्ये ड्रॉवर खुळखुळ वाजणार. माझ्या पहिल्या कपाटाचं तेच झालं, शेवटी बाजूला पट्ट्या चिकटवाव्या लागल्या.

सध्या ड्रॉवर बाहेर काढा आणि कडांना खडू फासून परत ढकला. जिथला खडू पुसला जाईल, तिथं घासतंय. त्या जागी साधी मेणबत्ती दाबून चोळा, आतल्या पट्टीलाही. तेल मात्र लावू नका, धूळ धरतं.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बघा. तरीही अडकला तरच रंधा, तोही पातं अगदी बारीक काढून. मग फळ्यांच्या टोकांना, म्हणजे रेषा जिथं कापल्या जातात तिथं, पॉलिशचे दोन-तीन हात जास्त द्या. ओल सगळ्यात आधी तिथूनच शिरते, आणि बहुतेकजण नेमकं तेच कोरडं सोडतात.