तुरीच्या जनुकांपासून सुरुवात करा

प्रश्न: लातूरला बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीला गणित नव्हतं. बायोइन्फर्मेटिक्स (संगणकाने जैविक माहितीचं विश्लेषण) जमेल का?

उत्तर: जमेल. आधी लिनक्सची कमांड लाइन, मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. संख्याशास्त्र मात्र टाळू नका, मुलाखतीत तिथेच अडतं.

सरावाला आपली तूरच घ्या; तिच्या ११ गुणसूत्रजोड्यांचा डीएनए-क्रम सर्वांसाठी खुला आहे. एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या मोफत संकेतस्थळावरून एका प्रथिनाची फास्टा फाइल (त्याचा क्रम साध्या अक्षरांत) उतरवा आणि ब्लास्ट या क्रम जुळवून पाहणाऱ्या साधनाने हरभऱ्यात त्याचा भाऊबंद शोधा. नुसती साम्याची टक्केवारी पाहून हुरळू नका: तुकडा छोटा असेल तर ९५ टक्के साम्यही योगायोग असू शकतं. ई-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने असे किती जुळ सापडतील याचा अंदाज; जितकी कमी तितकी चांगली) आणि जुळलेली लांबी, दोन्ही बघा.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये सरळ उघडू नका. ‘मार्च१’ (MARCH1) या जनुकाच्या नावाची तिथे आपोआप तारीख होते! म्हणूनच २०२० पर्यंत अशा मानवी जनुकांची नावं बदलावी लागली. फाइल आयात करतानाच तो रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा.