ऑश्विट्झसाठी पॅरिसचं खोटं हॉटेल दाखवू नका

तुमच्या पोस्टमधलं एजंटचं वाक्य वाचलं आणि उत्तर द्यायला बसलो. सांगलीहून एकटीने ९ रात्रींची सहल: प्राग ३, क्राकोव २, व्हिएन्ना ४. मुख्य ओढ पोलंडमधल्या ऑश्विट्झ या नाझी छळछावणीच्या स्मारकाची. आणि एजंट म्हणतो, फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय, पॅरिसच्या ५ रात्री दाखवू, व्हिसा हातात आला की हॉटेल रद्द करू, ‘सगळे असंच करतात’. आमची फाइल ज्या एजन्सीने बुडवली तिच्या काउंटरवरही हेच ऐकवलं होतं, शब्दाचा फरक नाही. पासपोर्ट, बँक स्टेटमेंट, आयटीआर, रजेचं पत्र हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून थेट मुद्द्यावर येतो. (मी वकील नाही, एजंटही नाही. नियम बदलत राहतात, अर्जाआधी वकिलातीच्या साइटवर खात्री करून घ्या.)

शेंगेन व्हिसाचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा) अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे अपॉइंटमेंट कुठे लवकर मिळते यावर ठरत नाही. जिथे मुक्काम सगळ्यात जास्त किंवा जिथे जाणं हाच सहलीचा मुख्य हेतू, तो देश. दिवस सारखे पडले तर जिथून पहिला प्रवेश, तो. तुमच्या आत्ताच्या आराखड्यात तो देश ऑस्ट्रिया होतो. फ्रान्स कुठेच बसत नाही.

खोटं बुकिंग नेमकं कुठे अडकतं ते एजंट सांगत नाहीत. हॉटेल एजन्सीच्या लॉगिनवरून, फुकट रद्द होणारं घेतलेलं असतं. फुकट रद्द करायची मुदत समजा १० तारखेला संपते आणि निर्णय १८ ला येणार असतो. एजन्सीला स्वतःच्या कार्डावर पैसे पडू द्यायचे नसतात, म्हणून ती ९ लाच बुकिंग उडवते, तुम्हाला न विचारता. मधल्या काळात वकिलातीने हॉटेलला ईमेल केला की तिकडून उत्तर जातं, ‘या नावाने बुकिंग नाही’. आमच्या बाबतीत हेच झालं. नकाराच्या छापील फॉर्मवर कारणांची यादी असते आणि लागू असेल त्यापुढे खूण. खूण होती ती प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाबद्दलची माहिती विश्वासार्ह नसल्याच्या रकान्यासमोर. एजन्सीने तो कागद नीट वाचलासुद्धा नाही. ‘व्हिसा देणं न देणं वकिलातीच्या हातात’ एवढं म्हणून पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली. व्हिसा फी परत मिळत नाही (११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो), अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्कही नाही, आणि एजन्सीने आपला ‘डॉक्युमेंटेशन चार्ज’ही ठेवून घेतला.

पैशांपेक्षा जास्त टोचतं ते पुढचं. नकाराची नोंद शेंगेन देशांच्या सामायिक व्हिसा प्रणालीत पाच वर्षं राहते आणि पुढचा अर्ज कुठल्याही शेंगेन देशाकडे गेला तरी त्यांना दिसते. शिवाय इंग्लंडच्या अर्जातही आधी कुठे नकार मिळालाय का असं विचारतात, आणि तिथे खोटं लिहिणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

बरं, समजा फ्रान्सचा व्हिसा मिळालाच. तुम्ही उतरणार प्रागला, परतणार व्हिएन्नाहून, पॅरिसचं बुकिंग रद्द, पॅरिसचं तिकीट मुळात नव्हतंच. पहिल्या विमानतळावरचा अधिकारी हॉटेलची बुकिंगं मागू शकतो आणि फसवून घेतलेला व्हिसा तिथल्या तिथे रद्दही होऊ शकतो. हजारो लोक काही न होता सुटतात हे खरं आहे. पण एकटीने निघालेल्या, पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाने हा जुगार खेळू नये असं माझं स्पष्ट मत.

यावर उपाय अगदी साधा आहे. तुम्हाला ऑश्विट्झच बघायचंय ना, मग सहलच तशी आखा: प्राग २, क्राकोव ४, व्हिएन्ना ३. दिवसांनीही पोलंड मोठा आणि हेतूनेही. अर्ज पोलंडकडे, हॉटेलं तुमच्या स्वतःच्या लॉगिनवरून, आणि फुकट रद्द करण्याची शेवटची तारीख निर्णयाच्या बरीच पुढची असलेलीच निवडा. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मुदत त्या हिशेबाने बघा.

आता क्रम. बहुतेक लोक आधी विमान, मग हॉटेल, मग व्हिसा आणि सगळ्यात शेवटी ‘ऑश्विट्झचं तिकीट काढू’ असं करतात. हे उलटं करा. गाइडसह फेरीच्या जागा स्मारकाच्या अधिकृत साइटवर साधारण तीन महिने आधीपासून दिसू लागतात आणि उन्हाळ्यातल्या सकाळच्या इंग्रजी फेऱ्या भराभर संपतात. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. म्हणजे साधारण १० ते १२ आठवडे आधीची व्हिसा केंद्राची अपॉइंटमेंट धरा, जागा खुल्या झाल्या की फेरी पक्की करा आणि तिची प्रिंट फाइलमध्ये लावा. तुमच्या नावाची, तारीख-वेळ असलेली पावती हा ‘हेतू काय’ या प्रश्नाला कव्हर लेटरच्या दोन पानांपेक्षा चांगला पुरावा आहे. व्हिसा नाकारला गेलाच तर व्हिसाच्या खर्चाव्यतिरिक्त बुडते ती फक्त फेरीची फी.

१ जानेवारी, २५ डिसेंबर आणि ईस्टरचा रविवार या दिवशी स्मारक बंद असतं. २७ जानेवारीला (१९४५ मध्ये याच दिवशी सोव्हिएत सैन्याने कॅम्प मुक्त केला) समारंभामुळे प्रवेशावर मर्यादा असते. तारीख ठरवताना हे बघा.

स्मारकाच्या प्रवेश-पासवर नाव टाकताना आपल्याकडचा खास घोळ होतो. महाराष्ट्रातल्या पासपोर्टमध्ये नावाच्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. पास, विमा, विमानाचं तिकीट सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच लिहा. पास नावाचा असतो आणि दारात ओळखपत्राशी ताडतात. पासपोर्ट जवळ ठेवा, आधार कार्डावर विसंबू नका. पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापर सुरू करा, तो मुळात बंद असतो. आणि भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर तिकडे गेल्यावर ओटीपी येणार नाही.

क्राकोवहून ‘पिकअपसह अर्धा दिवस’ विकणाऱ्या टूरबद्दल विचारलंय. त्यातल्या पुष्कळ स्वस्त टूरमध्ये वेळ आधी पक्की नसते. बारीक अक्षरात ‘पहाटे ५ ते दुपारी १ मधली कुठलीही’ असं असतं आणि नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी कळते. गाइड स्मारकाचेच, फेरी तीच. तुम्ही जादा पैसे मोजता ते फक्त गाडीचे. अधिकृत साइटवर सगळं संपलं असेल तरच हा पर्याय घ्या, आणि मग त्याच दिवशी दुसरं काही ठेवू नका.

म्हणूनच फेरीच्याच दिवशी संध्याकाळची व्हिएन्नाची गाडी नको. हिशेब मांडून बघा. क्राकोवच्या मुख्य रेल्वे स्टेशनच्या मागेच बस स्थानक आहे, तिथून ओश्विएन्चिमच्या (ऑश्विट्झ हे त्याच गावाचं जर्मन नाव) बस सुटतात, साधारण दीड तास. म्युझियमच्या थांब्यावर थांबणारी बस आहे ना हे विचारून बसा. रेल्वेनेही जाता येतं, पण ओश्विएन्चिम स्टेशनपासून स्मारक दीड-दोन किलोमीटर आहे. सुरक्षा तपासणी विमानतळासारखी, तेव्हा अर्धा तास आधी पोचा. सर्वसाधारण फेरी साडेतीन तासांची असते: पहिला अर्धा भाग ऑश्विट्झ १ (मूळ कॅम्प), मग फुकट शटल बसने तीनेक किलोमीटरवरचं बिर्केनाउ (दुसरा, मोठा कॅम्प). १० ची वेळ असेल तर क्राकोव सकाळी सातच्या सुमाराला सोडावं लागतं, परत यायला चार-पाच वाजतात. दुपारच्या परतीच्या बसला गर्दी असते, एखादी सुटली की तास गेला.

आणि खरं सांगायचं तर फेरी संपली की लगेच निघूही नये. गाइड निरोप घेतो तेव्हा गट पांगतो आणि नव्वद टक्के लोक शटलकडे पळतात. तुम्ही बिर्केनाउलाच थांबा. जर्मनांनी जानेवारी १९४५ मध्ये पळताना सुरुंग लावून पाडलेल्या गॅस चेंबर-दाहगृह २ आणि ३ चे ढिगारे फेरीत दिसतात. त्यांच्याही मागे ‘सेंट्रल सॉना’ नावाची विटांची इमारत आहे. आत, शेवटच्या भागात, इथे आणलेल्या लोकांनी सामानात सोबत आणलेले घरचे फोटो लावलेत: लग्नं, शाळेचे वर्ग, समुद्रकिनाऱ्यावरची पोरं. मोठ्या गटांना तिथवर नेत नाहीत. एकट्याने आल्याचा फायदा हाच की तिथे कुणी घाई करत नाही. ज्यांना जास्त वेळ द्यायचाय त्यांच्यासाठी ६ तासांची अभ्यास फेरीही असते. इतक्या लांब फक्त यासाठी जाणार असाल तर मी तीच घ्या म्हणेन. मात्र ती सगळ्यांना झेपतेच असं नाही.

गाइडविना फुकट प्रवेश असतो, पण ते पास मोजके आणि गर्दीच्या महिन्यांत बहुतेक दुपार कलल्यानंतरचे. पहिल्या भेटीला गाइड घ्याच. ऑश्विट्झ १ मधल्या ब्लॉक ११ च्या (कॅम्पातल्या तुरुंगाच्या) तळघरात काय झालं, ब्लॉक १० आणि ११ च्या मधल्या भिंतीसमोर काय चालायचं, हे पाट्या वाचून कळत नाही.

बॅग ३५×२५×१५ सेंटिमीटरपेक्षा मोठी आत नेता येत नाही. नेहमीची ऑफिसची सॅक यात बसत नाही, मोजून घ्या. सामान क्राकोवलाच हॉटेलात ठेवून जा. फोटो फ्लॅशविना चालतात, पण ब्लॉक ४ मधल्या केसांच्या दालनात आणि ब्लॉक ११ च्या तळघरात अजिबात नाही. घरी व्हिडिओ कॉल लावून ‘बघ आई, इथेच’ करणारे आपले लोक दिसतात. कृपा करा, बाहेर आल्यावर फोन करा. बिर्केनाउ म्हणजे उघडं माळरान, सावली नाही, आडोसा नाही. पायात चालायचे बूट हवेत आणि ऑक्टोबर ते एप्रिल कानटोपी.

एक गोष्ट कुठलीच मार्गदर्शिका सांगत नाही, कारण ती आपल्यापुरतीच आहे. स्वस्तिक. गळ्यातलं लॉकेट, किल्लीची साखळी, नव्या बॅगेवर आईने कुंकवाने काढलेलं, मोबाइलच्या कव्हरवरच्या गणपतीच्या तळहातावरचं. पोलंडमध्ये नाझी विचारांचा प्रचार हा गुन्हा आहे. आपलं चिन्ह धार्मिक, हे खरं. पण त्या दारात, ज्यांची माणसं तिथे मारली गेली त्यांच्या रांगेत उभं राहून ते समजावत बसू नका. निघण्याआधी बॅग उलटसुलट करून तपासा आणि तसलं काही असेल तर घरीच ठेवा.

कव्हर लेटरमध्ये वळिवड्याचा उल्लेख करावा का, असं विचारलंय. करा, पण बरोबर करा. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, वॉर्साला कोल्हापूरचं स्मारकही आहे, आणि पोलिश लोकांना ही आठवण मनापासून आवडते. मात्र ती माणसं ऑश्विट्झमधून आलेली नव्हती. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने त्यांना १९४० च्या सुमारास सायबेरिया, कझाकस्तानकडे हाकललं होतं, तिथून इराणमार्गे ती भारतात पोचली. दोन्ही एकात मिसळलं की पत्र इंटरनेटवरून उचलल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे ‘पोलिश छळछावणी’ असं चुकूनही लिहू नका. तो जर्मन नाझींचा, व्यापलेल्या पोलंडमधला कॅम्प. पोलंडच्या आग्रहावरून युनेस्कोने २००७ मध्ये वारसा यादीतलं अधिकृत नावच तसं बदललं. पोलिश वकिलातीला दिलेल्या पत्रात ही चूक कशी वाटेल, विचार करा.

क्राकोवचे उरलेले दिवस वाया जाणार नाहीत. शहराच्या पॉदगुझे भागात, नाझींनी ज्यूंना जिथे कोंडलं त्या वस्तीचा (घेटोचा) चौक आहे, तिथे मोठमोठ्या रिकाम्या धातूच्या खुर्च्या मांडल्यात. त्याच चौकात तादेउश पान्कियेविचचं ‘गरुड’ औषधांचं दुकान आहे. वस्तीच्या आत राहून ते चालवणारा हा बिगर-यहुदी माणूस. आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या ऑस्कर शिंडलरच्या कारखान्यातलं संग्रहालय जवळच, पण त्याचंही तिकीट आधी काढा. ही जागा ऑश्विट्झच्या आदल्या दिवशी ठेवा, नंतर नको. आधी शहरातून माणसं कशी हाकलली ते कळलं तर ऑश्विट्झमध्ये सुटकेसांवर रंगवलेली नावं वेगळी दिसतात. वेळ उरला तर ओश्विएन्चिम गावातलं ज्यू संग्रहालय आणि सिनगॉगही बघा. युद्धाआधी त्या गावात निम्म्याहून जास्त लोकसंख्या यहुदी होती.

विमानाबद्दल: १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी प्रवेश-नोंदणी प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या खेपेला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. हे पहिल्या शेंगेन विमानतळावर होतं. म्हणजे फ्रँकफर्टला बदलून प्रागला जात असाल तर फ्रँकफर्टला. तासाभराची जोडणी घेऊ नका, तीन तास ठेवा.

पोलंडमध्ये युरो नाही, झ्लॉटी चालतात. एटीएमने किंवा कार्ड मशीनने ‘रुपयांत आकारू का’ विचारलं तर नाही म्हणा आणि झ्लॉटी निवडा, नाहीतर विनिमयात चांगलाच फटका बसतो. शाकाहारी असाल तर ‘पिएरोगी रुस्किए’ मागा, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं. पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून ‘बेझ स्क्फारेक’ असं आधीच सांगा. ते चमच्याने बाजूला काढून देतो म्हणाले तर दुसरी प्लेट मागा.

सुधारलेला आराखडा इथेच टाका, तारखा झाकून. रात्री आणि बुकिंगच्या मुदती मोजून सांगतो.